सात रकान्यांतलं गिफ्ट

या माणसावर लक्ष ठेवायचं, असं मला छापखान्यात रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. सांगणारे होते आमचे मालक प्रकाशभाऊ, आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते हिवराळेकाका, तीस वर्षांपासून तिथे प्रुफं तपासणारे. प्रकाशभाऊंनी काचेच्या केबिनचं दार लावून घेतलं. आपल्याकडचा मजकूर बाहेर जातो, म्हणाले. आपण एखादं पत्रक छापायला घेतलं की आठवड्याभरात त्याच शब्दांचं पत्रक गावातल्या दुसऱ्या छापखान्यातून निघतं. काकांचं नाव त्यांनी घेतलं नाही. काचेतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "तू फक्त पाहत जाय."

मला ते जमण्यासारखं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अकोल्याला बी.ए. करून खामगावला परत आलेली. इंग्रजीतली पत्रकं मराठीत करायला मला ठेवलं होतं, पण मराठी वाचताना माझे ओठ हलायचे आणि बोलताना मध्येच शब्द संपायचे. म्हणून मी गप्प राहायचे. गप्प माणसासमोर लोक बरंच काही करून जातात.

छापखाना कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत होता. एप्रिल-मे महिन्यात एकाच यंत्रावर लग्नपत्रिका आणि बियाण्यांची पत्रकं छापली जायची. पत्रिकेवरचा गणपती निघाला की लगेच टपोऱ्या बोंडांचं चित्र निघायचं. बोंडअळी लागणार नाही असं सांगत आलेल्या बीटी कापसाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि गुलाबी बोंडअळी पुन्हा दिसायला लागली होती, त्यामुळे बियाण्यांच्या मागोमाग औषधांची पत्रकंही वाढली होती. आमच्याकडे कीटकनाशकाला सगळे औषधच म्हणतात.

काका साठीच्या पुढचे, बारीक, कॉलर घासलेला पण कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे. कोणताही कागद हातात आला की ते आधी उजेडात धरायचे, मग पालथा करून पाहायचे, आणि मगच वाचायचे. शेगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातून ते बसने यायचे. त्याच बसने येणारे आमचे मशीनवाले इस्माईलभाई सांगायचे की तीस वर्षं तोच कंडक्टर असला तरी काका तिकीट दोन्ही बाजूंनी वाचतात. गिऱ्हाइकाने मागवलेला चहा ते घेत नसत. पाणी घरून आणायचे. दिवाळीला एका दुकानदाराने सगळ्यांना मिठाईचा डबा दिला होता, तेव्हा काकांनी आपला डबा झाकण उघडून टेबलावर ठेवला आणि दोन दिवस तसाच राहू दिला म्हणे. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, मुंग्यायले खाऊ द्या आधी, त्यायले चव जास्त समजते. ही गोष्ट इस्माईलभाई प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. काका तिथेच बसलेले असायचे आणि नाकारायचे नाहीत.

आमची प्रुफं तपासायची रीत अशी होती. मी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि काकांनी छापील कागदावर नजर ठेवायची. पण सरळ नाही. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या मागे धावतो आणि जे छापलेलं नाही तेही वाचून टाकतो, असं त्यांचं म्हणणं. मिली, वीस, पाण्यात, लिटर, दहा: असं मी वाचत जायचे आणि ते फूटपट्टी एकेक ओळ वर सरकवायचे. मराठी आकडे मला पटकन ओळखता यायचे नाहीत. मी अडखळले की ते थांबून राहायचे, मदत करायचे नाहीत. तपासणं संपलं की खाली उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने 'छापावे' लिहून सही. ती सही असल्याशिवाय इस्माईलभाई यंत्र सुरू करत नसत.

त्यांची शंका सगळ्यांवर सारखी होती, हे मात्र मला लवकर कळलं. दुकानदार, पंचांग, मंत्र्यांचा शुभेच्छा संदेश, मी. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "बाई, तू वाचता वाचता माह्या पिशवीकडे काऊन पाह्यतं?" मी म्हणाले, काही नाही, सहज. "काही इचाराचं असन तं इचार," ते म्हणाले. मी मान हलवली आणि पुढचा शब्द वाचला.

जूनमध्ये एका कंपनीचं पत्रक आलं. बोंडअळीवरच्या औषधाचं. मधोमध पिवळ्या चौकोनात जाड अक्षरांत होतं: 'दोन बाटल्यांवर हमखास गिफ्ट'. त्या चौकोनाला जागा करायची म्हणून खालची 'विष' ही धोक्याची सूचना, विषबाधेची लक्षणं आणि उतारा इतका बारीक केला होता की मला चष्मा पुसावा लागला. मी खालून वाचत वर आले. 'गिफ्ट' वाचलं तशी काकांची फूटपट्टी थांबली.

"गिफ्ट म्हंजे काय?"

मला वाटलं, ते माझी परीक्षा घेताहेत. भेटवस्तू, मी म्हणाले.

"कोन्या भाषेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कापडाच्या धडप्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक आणलं. काकांचे आजोबा खामगावात एका परदेशी कंपनीच्या प्रेसमध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, मजूर होते. कंपनी गाशा गुंडाळून गेली तेव्हा कचेरीतले कागद बाहेर टाकले गेले आणि आजोबांनी त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. त्यांना वाचता येत नव्हतं. घरी कित्येक वर्षं त्या पुस्तकाचा उपयोग माठाखाली टेकू म्हणून झाला. पुढे बाबासाहेबांचं नाव घेत बापाने पोराला, म्हणजे काकांना, शाळेत घातलं, आणि पोराने घरातलं एकच पुस्तक होतं ते उघडलं. तो व्यापाऱ्यांसाठीचा शब्दकोश होता. प्रत्येक पानावर सात रकाने, सात भाषा: एकाच मालाला युरोपात कुठे काय म्हणतात ते. तळाच्या पानांवर पाण्याचा गोल डाग होता.

काकांनी खूण घातलेलं पान काढलं. इंग्रजी रकान्यात पॉयझन, म्हणजे विष, काकांच्या बोलीत इख. आणि त्याच्या शेजारी, जर्मन रकान्यात, लालसर शाईत कधीतरी अधोरेखित केलेलं: Gift.

त्यांचा मात्र त्या पुस्तकावरही विश्वास नव्हता. पुस्तकही शेवटी कोन्यातरी छापखान्यातच निंघते, म्हणाले, तेथचा इस्माईल कसा होता आपल्याले काय मालूम. त्यांनी मला माझ्या शाळेतल्या एका सिस्टरांकडे पाठवलं, कारण त्या जर्मनीत तीन वर्षं राहून आल्याचं मी कधीतरी बोलून गेले होते. सिस्टर हसत सुटल्या. तिथे असताना त्यांना घरून पार्सल आलं होतं आणि भावाने त्यावर मोठ्या अक्षरांत गिफ्ट असं लिहिलं होतं. घरमालकीणबाईंनी ते घरात आणलंच नाही, अंगणातल्या भिंतीवर ठेवून दिलं. सिस्टरांनी मला त्यांच्याकडचे कोशही दाखवले. इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश या भाषांत विषही आणि लग्न झालेलाही. डचांनी वाटणी करून घेतलेली: गिफ्ट म्हणजे भेट, आणि शेवटचं अक्षर गाळलं की विष. मूळ सगळ्यांचं एकच, देणं. जे दिलं ते गिफ्ट. मुलगी दिली म्हणून लग्न. जर्मनमध्ये तिच्यासोबत दिलं जायचं त्या हुंड्याच्या नावातही गिफ्ट शिल्लक आहे. आणि विष कसं? तर ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'देणं' म्हणायचे, डोसिस. जर्मनांनी त्या शब्दासारखा आपला शब्द वापरला, वैद्याने दिलेलं ते गिफ्ट, आणि हळूहळू फक्त जीव घेण्यासाठी दिलेलं तेवढंच त्या नावाने उरलं. आपण डोस म्हणतो तो तोच डोसिस. मराठीतला 'दे'सुद्धा त्या ग्रीक शब्दाचा लांबचा नातेवाईक.

मी हे सगळं वहीत उतरवून आणलं. काकांनी वही उजेडात धरून वाचली. पार्सलची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. "त्या घरवालीनं बरोबर केलं," म्हणाले. मग त्या दिवशीच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहून म्हणाले की आपल्याकडेही पोरगी कोठी देल्ली असंच विचारतात. "पन एक फरक हाय. थे लोक इखाले देल्लेली वस्तू म्हनतात. आपन इखाले औषध म्हनतो."

पत्रकावर त्यांनी सही केली नाही. कंपनीचा माणूस आला, तरुण, गळ्यात ओळखपत्र. काकांनी त्याला शांतपणे विचारलं की वरचा शब्द अन् खालचा शब्द जर एकच आहे, तं एक एवढा मोठा अन् दुसरा एवढा बारीक काऊन? त्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो म्हणाला, "काका, आपण काही जर्मनीत विकून नाही राह्यलो." सगळे हसले. मीही हसले. काका म्हणाले, बीटी पहिल्यांदा आली तवा 'आता फवाऱ्याची गरज नाही' हे पत्रक म्याच तपासलं होतं; आता फवारा कसा मारावा हेही मीच तपासून राह्यलो; दोन्हीवर माह्याच सह्या हायेत. यावर कोणी हसलं नाही. शेवटी प्रकाशभाऊंनी काकांचं लाल पेन मागून घेतलं, स्वतः सही केली आणि पत्रक छापलं गेलं.

त्याच सुमारास मला दिसायला लागलं की काका संध्याकाळी निघताना एक कागद घडी करून जेवणाच्या डब्याखाली ठेवतात. रोज नाही. लग्नपत्रिका नाही, बियाण्यांचं पत्रक नाही, फक्त औषधाचं. प्रत्येक नव्या औषधाचं एक. घडी घालताना ते माझ्याकडे पाठ करत नसत, पण सांगतही नसत. मी तीन आठवडे काही बोलले नाही. ते कुठे जात असतील याचे अंदाज मात्र बांधत राहिले. दुसऱ्या छापखान्यात, हाच अंदाज सगळ्यात सोपा होता. जो माणूस प्रत्येकावर शंका घेतो त्याच्यावर शंका घेणं मला न्यायाचंही वाटत होतं.

जुलैत ते पिवळ्या चौकोनाचं पत्रक दुसऱ्या छापखान्यातून बाहेर पडलं. तेच शब्द, तीच बाटली. प्रकाशभाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी म्हणाले, ते पिशवीत नेतात. एवढंच म्हणाले. त्यानंतर बाहेर येऊन मी काकांसमोर बसले आणि एका पानाचं प्रूफ त्यांना वाचून दाखवलं.

सहा वाजता प्रकाशभाऊंनी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उघडली. डबा, पाण्याची बाटली, आणि खाली घडी केलेलं एक पत्रक. कोणासाठी आहे हे, त्यांनी विचारलं. काकांनी डबा उचलून परत नीट ठेवला.

"इतके वर्ष कोनी इचारलं नाही. इचारलं असतं तं सांगतलं असतं. आता पिशवी उघडून इचारून राह्यले, तं आता नाही सांगत."

प्रकाशभाऊ म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. इस्माईलभाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि यंत्र पुसायला घेतलं. काका माझ्याकडे पाहतील असं मला वाटत होतं. त्यांनी पाहिलं नाही. पिशवी उचलली, लाल पेन खिशात आहे का ते चाचपलं आणि गेले.

महिन्याभरात दुसऱ्या एका औषधाचं पत्रक तसंच दोन ठिकाणी निघालं. काका नव्हते, तरी निघालं. इस्माईलभाईंनी कंपनीच्या माणसाला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला की माल वेळेवर मिळावा म्हणून तो पहिल्यापासून मजकूर दोन्हीकडे देतो. प्रकाशभाऊंनी हे ऐकलं, पण काकांना निरोप पाठवला नाही. प्रुफं मी एकटी तपासू लागले, मनातल्या मनात, सरळ वाचून.

सप्टेंबरमध्ये आईची रक्तदाबाची तपासणी होती म्हणून सरकारी दवाखान्यात गेले होते. बाहेर बाकावर बसले असताना रिक्षातून एका बाईला आणलं. फवाऱ्याच्या पंपात पाणी ओतायचं आणि औषध कालवायचं काम ती करत होती. पातळ कमरेपर्यंत भिजलेलं, तोंडातून लाळ, डोळे अर्धवट मिटलेले. कोणतं औषध होतं, असं नर्स राऊतबाईंनी विचारलं. सोबतच्या दिराला नाव सांगता येईना. निळ्या झाकनाचं, तो म्हणत होता, यंदा नवीन आलं थे.

राऊतबाईंनी कपाटातून एक फाइल काढली. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत पत्रकं होती आणि प्रत्येक कप्प्यावर झाकणाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. लाल, हिरवा, पांढरा, निळा. प्रत्येक पत्रकावर आतल्या मूळ रसायनाच्या नावाखाली लाल रेघ आणि उताऱ्याभोवती लाल चौकोन. ते पेन मी ओळखलं.

"निळ्यातलं नवीन नाही याच्यात," राऊतबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "हिवराळेकाका आनून देत. दोन महिने झाले, फिरकलेच नाही."

निळ्या झाकणाचं ते पत्रक मी भाषांतर केलं होतं, ऑगस्टमध्ये. त्यातलं काय आठवतं ते पाहिलं तर मला फक्त बाटलीचं चित्र आठवलं. मी आणते, असं म्हणाले, ते कोणाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. छापखाना पाच मिनिटांवर होता. इस्माईलभाईंनी रद्दीच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढून दिली आणि काही विचारलं नाही. ती बाई चौथ्या दिवशी घरी गेली. पत्रकामुळे की डॉक्टरांनी ते यायच्या आधीच सुरू केलेल्या उपचारांमुळे, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणणं जास्त खरं.

त्या रविवारी मी जून ते सप्टेंबरमधली सगळी औषधांची पत्रकं पाकिटात घालून काकांच्या गावी गेले. काकूंनी पाणी दिलं. काका ओसरीवर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं की पिशवीचं प्रकाशभाऊंना मी सांगितलं होतं.

"मालूम हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तू मान वर न करता आख्खं पान वाचलं अन् एकदाही अडखळली नाही."

मग ते माझ्याकडे वळले.

"शंका घेतली त्याचं काही नाही, माय. म्या बी तुह्यावर घेतली होती. पन म्या तुले इचारलं होतं. तू मले काऊन नाही इचारलं?"

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. कोणी दिलं, असं विचारलं. रद्दीतलं आहे, मीच आणलं, मी म्हणाले. प्रकाशले इचारून? नाही. मग त्यांनी सांगितलं की त्यांनी एकेक प्रत न्यायची परवानगी मोठ्या शेठना, म्हणजे प्रकाशभाऊंच्या वडिलांना विचारून घेतली होती. मोठे शेठ गेले. प्रकाशला मालूम असन असं वाटलं, पुन्हा विचारायचं राहून गेलं, ती आपली चूक. "हे वापस ने. इचारून आन."

प्रकाशभाऊंसमोर जाऊन उभं राहायला मला बुधवार उजाडला. सोमवारी आणि मंगळवारी मी केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. मी सगळं सांगितलं: फाइल, दवाखाना, ती बाई, आणि दर नव्या औषधाची एक प्रत हवी आहे. ते टेबलावरच्या काचेकडे पाहू लागले. मग म्हणाले, "ने." आणि थोड्या वेळाने, "त्यायले म्हनाव..." आणि समोरचं प्रूफ ओढून घेतलं.

त्या शनिवारी पुन्हा गेले. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेतं आहेत. बसमधून मला काका एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दिसले. मी थांब्यावर उतरून मागे चालत आले. दोन्ही हातांना त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधल्या होत्या, तोंडावर उपरणं. फवारून टाकून दिलेल्या बाटल्या ते उचलत होते, हात लांब ठेवून लेबल वाचत होते आणि पोत्यात टाकत होते. दोन महिने दवाखान्यात पत्रकं गेली नव्हती. आता निदान लेबलं जावीत, म्हणून.

"इचारलं?"

विचारलं, मी म्हणाले. प्रकाशभाऊ 'ने' म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हात दाखवून पाकीट खाली ठेवायला सांगितलं. मी ते धुऱ्यावर ठेवून वर दगड ठेवला. थांबावं की जावं ते मला कळेना. काका पुढच्या बाटलीकडे गेले होते, म्हणून मी रस्त्यावर आले.

पुढच्या आठवड्यात राऊतबाईंच्या फाइलमध्ये ती सगळी पत्रकं लागली होती, लाल रेघांसकट. नंतरची पत्रकं मी स्वतःच दवाखान्यात देत गेले, नोकरी सोडून नागपूरला येईपर्यंत. काकांना त्यानंतर पाहिलं नाही. त्या शनिवारी परतीची बस आली तेव्हा मी मागे वळले होते तेवढंच. पाकीट दगडाखाली तसंच होतं. काका पुढच्या धुऱ्यावर वाकून एका बाटलीवरची माती अंगठ्याने पुसत होते, तिचं नाव वाचायला.